बक्षिसाची चांदी

च्यांगखौच्या धक्क्यावर तोंगशिऊ दिवसभर वाळू चाळायची. नवरा देफू वाळूच्या बोटीवर होता. तीन वर्षांपूर्वी मीन नदीने त्याला ओढून नेलं, ते परत दिलंच नाही. शोधासाठी बोटी लावता लावता हातातल्या चांदीच्या बांगड्याही गेल्या.

ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचे कपडे पुरायचे आणि तोंडाच्या जागी चांदी ठेवायची, ही तिथली रीत. त्याआधी त्याला घरी बोलवावं लागतं. एकाने काठावरून नाव घेऊन हाक मारायची, दुसऱ्याने घरातून "आलो" म्हणायचं. तोंगशिऊकडे चांदी नव्हती आणि घरातून ओ देणारंही कुणी नव्हतं. देफूचा निळा सदरा आपला खुंटीला लटकत होता.

त्या हिवाळ्यात नदी आटली आणि चाळणीत एक नाणं आलं. चांदीचं, मध्ये चौकोनी भोक, वर चार अक्षरं, त्यांचा अर्थ: पश्चिमेच्या राजाकडून पराक्रमाचं बक्षीस. उत्तरेतून आलेल्या, बंड करून गादीवर बसलेल्या त्या राजाच्या बोटी शेकडो वर्षांपूर्वी शिपायांसकट इथेच बुडाल्या, हे गावात कुणीही सांगेल. त्याचं चांदीचं नाणं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. तिने ते गुपचूप खिशात टाकलं.

नाणं काही केल्या वाळेना. चुलीच्या कडेला ठेवलं तरी तासाभरात खाली पाणी साचायचं. किटलीची वाफ असेल, म्हणून तिने ते फडक्यात गुंडाळलं. फडकं ओलं झालं.

देफू रोज ज्यांच्या दुकानात चहा प्यायचा त्या वान काकांना तिने ते दाखवलं. त्यांनी हात लावला नाही.

"पोरी, ही पुरायची चांदी नव्हे. राजा नाव पुकारायचा, शिपाई 'आलो' म्हणून पुढे यायचा, तेव्हा हे नाणं त्याच्या हातावर पडायचं."

"मग बरंच की. 'आलो' म्हणायला तुम्ही याल?"

काका किटलीकडे वळले. म्हणाले, माझे गुडघे दुखतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी, धुकं असतानाच, घराला कुलूप लावून ती एकटी काठावर गेली. नाणं मुठीत होतं. तिने दोनदा हाक मारली. काहीच नाही. तिला स्वतःचंच हसू आलं, मग रडू आलं. तिसऱ्यांदा ती ओरडली, "देफू, घरी ये!"

"आलो," वर घरातून पुरुषाचा आवाज आला.

ती चढ चढत धावत सुटली.

कुलूप जसंच्या तसं होतं.

आतून पुन्हा कुणीतरी म्हणालं, "आलो." बोलणं उत्तरेकडचं होतं.

मग तिसरा. मग आणखी एक. घाई नाही, गडबड नाही, एकामागून एक.

तिने किल्ली काढली, आणि परत ठेवली. दार उघडलं तर ते थांबतील.

सकाळी वान काका चहा घेऊन आले, तर ती पायरीवर दाराला कान लावून बसलेली. ओठ निळे पडलेले, पण चेहरा उजळलेला.

"पुष्कळ आहेत, काका. त्याची पाळी अजून आलेली नाही."

काकांनी पेला खाली ठेवला.

"आलो," आतून आवाज आला.

काकांनी आवाज लगेच ओळखला. तो देफू होता. दुकानात शिरताना रोज याच घोगऱ्या आवाजात तो हा शब्द म्हणायचा.

तोंगशिऊने लक्ष देऊन ऐकलं आणि मान हलवली.

"हाही नाही," ती म्हणाली.