काकड्याचा मुका कॉम्प्युटर

वीज गेली तसे नविन आणि निलम चिमणकाकांच्या ओट्यावर येऊन बसले. काकांनी बिडी विझवली.

"हसायचं नाही. डहाणू रोडला स्टेशनबाहेर धर्मेश कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, त्याच्या तोंडून ऐकलंय मी. आता तो मोबाइलची कव्हरं विकतो. का, ते ऐका."

मागच्या नोव्हेंबरात, अठरा तारीख, मंगळवार. रात्री सव्वानऊला धर्मेश आशागडला पोचला. तिथल्या नारूचा निरोप होता, कॉम्प्युटरचा आवाज गेलाय, आजच पाहिजे.

कॉम्प्युटर जुना, डबड्यासारख्या पडद्याचा. नारूचा भाऊ लडक्या यानं घेतलेला. लडक्या मेला, त्याची बायको रखमी घरात राहिली, आणि नारूच्या डोळ्यात ती सलत राहिली. त्याची स्वतःची बायको कधीच पळाली होती. पळणारच.

बाप काकड्या तीन महिन्यांपूर्वी गेला. मरायच्या आधी नारूनं त्याचा व्हिडिओ काढला होता. फोन खाडीत पडला, व्हिडिओ फक्त या कॉम्प्युटरात उरला.

"सकाळी पंच येणार," नारू म्हणाला. "बाबा बोललाय, घर नारूचं. ते पंचांच्या कानावर पडलं की हिनं गाठोडं बांधायचं."

"ऐकव की," रखमी दारातून म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं मला घालवलं असेल तर मी त्याच्या तोंडून ऐकीन. तुझ्या नाही, मेल्या."

"तोंड आवर, वहिनी!"

"तू आवर. वीस वर्षं शेण मी काढलं."

धर्मेश मधे पडला नाही. आवाज वाढवून बघितला. स्पीकरचा लाल दिवा लागत होता. मग तो टॉर्च घेऊन टेबलाच्या मागं शिरला आणि हसला.

"नारूभाई, हे कोणी लावलं? स्पीकरची पिन हिरव्या भोकात पाहिजे. तुम्ही गुलाबीत खोचलीय. गुलाबी माइकचं, ऐकायचं."

"मीच लावली. पावसाळ्यात उंदीर मारायला टेबल ओढलं तेव्हा."

"म्हणजे बाबा होते तेव्हापासून तुमचा स्पीकर बोलत नव्हता. ऐकत होता."

"काका, स्पीकर कुठं ऐकतो?" निलमनं विचारलं.

"ऐकतो. धर्मेशला विचार. आणि ते टेबल म्हाताऱ्याच्या खाटेच्या उशालाच होतं."

धर्मेशनं पिन हिरव्यात घातली. व्हिडिओ लावला.

पडद्यावर काकड्या. खाटेवर बसलेला. ओठ हलतायत.

आवाज आला. नुसता श्वास. घरघर...

ओठ थांबले. आवाज थांबला नाही.

"नारू... पाणी."

नारू उठला. "हे नाही यात. हे मी नाही काढलं."

"नारू... तीन दिस झाले... पाणी दे."

"बंद कर!"

धर्मेशनं पिन ओढली. पिन त्याच्या हातात.

"रखमी कुठंय... रखमीला बोलव..."

बटण बंद केलं. पडदा काळा. लाल दिवा गेला.

"रखमी..."

रखमी भिंतीला टेकली. "मी तलासरीला होते. आईजवळ. आठ दिस. रोज फोन केला तुला. तू म्हणालास बाबा जेवले, झोपले..."

नारूनं ओठ घट्ट मिटले.

आणि तरी नारूचा आवाज आला. स्पीकरमधून.

"गप पड, थेरड्या. ती यायच्या आत मर."

नारूचं तोंड मिटलेलं. धर्मेश त्याच्याकडंच बघत होता. मिटलेलं.

मग काहीच नाही.

...

नारू अनवाणी पळाला. कोणी म्हणतं, हायवेवर अच्छाडला ट्रकात बसला. पुन्हा दिसला नाही.

धर्मेशही निघाला होता. रखमीनं त्याची कॉलर धरली. "तू गेलास तर पंच माझं एकटीचं खरं मानतील? बस इथं."

तो बसला. उजेड होईपर्यंत. दोघांपैकी कोणी डोळा मिटला नाही, घरात कोणी आलं नाही.

सकाळी पंच आले. त्यांनी घर पाहिलं. चुली दोन, पाणीही दोन ठिकाणी. आदल्या रात्री आठ वाजता नळ आला तेव्हा दीर-भावजयीनं आपापलं भरून ठेवलेलं.

रखमीचे हंडे काठोकाठ.

नारूचे तिन्ही हंडे, कळशी, माठ... कोरडे. झाकणं जागच्या जागी. खालची जमीन सुकी.

पंचांतल्या एका म्हाताऱ्यानं माठात हात घातला. तळाला बोटं फिरवली.

ओलसुद्धा नव्हती.