लालबागच्या फिश टँकमधला खून

"माझ्यावर खुनाचा आळ आलाय," ती बाई म्हणाली, आणि लवूच्या हातातला वडा हातातच राहिला.

"कुणाच्या?" मीनाक्षी खानोलकरने शांतपणे विचारलं.

"माशाच्या."

लवूने वडा तोंडात टाकला. खाजगी गुप्तहेर मीनाक्षीच्या गिरगावातल्या ऑफिसात तिचा हा मावसभाऊ मदतनीस म्हणून बसत असे. मदत बेताची, भूक मोठी. त्याला हसू येत होतं, पण बाईचे सुजलेले डोळे पाहून त्याने ते आवरलं.

बाईचं नाव रुपाली परुळेकर, राहणार लालबाग. तिच्या सासूने, लक्ष्मीबाईंनी, एक नारिंगी पॅरट फिश पाळला होता. गेल्या वर्षी त्या गेल्या. तेव्हापासून सासरे शामराव आधी त्या माशाला दाणे घालत आणि मगच चहाला तोंड लावत. काल या माशाचा छोटा टँक गळायला लागला. घरात रुपाली एकटी. दीर स्वप्नीलच्या खोलीत मोठा टँक होता, पण त्यात सिक्लिड जातीचे मारकुटे मासे. तिने त्यालाच फोन केला.

"मी म्हटलं, बादलीत ठेवते. भाऊजी म्हणाले, बादलीत गुदमरेल. टँकचा दिवा बंद करा, मासा पिशवीत घालून पिशवी पाण्यावर तरंगत ठेवा, मग हळूच सोडा. मी तसंच केलं. थोड्या वेळाने बघते तर त्याच्या चिंध्या झालेल्या." तिचा आवाज कडक झाला. "सासरे म्हणतात, मी मुद्दाम केलं. माझ्या आईला फोन करून सांगितलंय, मुलीला घेऊन जा. नवरा गप्प. मला कुणाची दया नको, मॅडम. हे ज्याने केलं त्याचं नाव हवंय."

"चूकही असू शकते ना?" लवू म्हणाला.

"तो टँक आदल्या दिवशीपर्यंत ठणठणीत होता."

लालबागच्या घरी शामराव हॉलमध्ये रिकाम्या टँकसमोर बसले होते. "माझ्या लक्ष्मीची तेवढीच एक आठवण होती. हिका ती खुपायची. टँकमुळे सोफा मावत नाय, असा हीच बोलली होती."

"बोलले होते," रुपाली म्हणाली. "सोफ्यासाठी जीव घेईन का मी?"

मीनाक्षीने टँकच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. काच शाबूत होती. दोन काचा जोडणारा सिलिकॉनचा सांधा मात्र खाली एका सरळ रेषेत उघडला होता.

"जुना झाला की सुटतो," लवू म्हणाला.

नवरा अजित स्वयंपाकघरात नजर चुकवत उभा होता. "माशांचं सगळं स्वप्नील बघतो. हल्ली घरीच असतो ना. काल मात्र सकाळी दादरला मुलाखतीला गेला होता. हात चांगला आहे त्याचा. मध्ये एका माशाला बाकीच्यांनी फाडला होता, त्याला वेगळा ठेवून बरा केला."

"वेगळा म्हणजे या छोट्या टँकमध्ये?"

"छे! आईच्या टँकला बाबा कुणाला हात लावू देत नसत."

"स्वप्नीलचं लग्न?"

अजितने बायकोकडे पाहिलं. "ठरलं होतं. वरळीची प्राची. मोडलं."

"त्यांची नोकरी सुटलीय हे त्यांनी लपवलं होतं," रुपाली म्हणाली. "प्राचीच्या आईने मला सरळ विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही."

लवूचा संशय अजितवर बसला. त्याचा संशय नेहमी नवऱ्यावरच बसायचा.

आपल्या खोलीत बसलेला स्वप्नील बोलायला एकदम मोकळा निघाला. त्याच्या टँकची पुढची काच लख्ख होती. मागच्या काचेवर शेवाळाचा हिरवा थर, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत बोटभर रुंदीचा स्वच्छ पट्टा.

"हे मासे दगड वाटून घेतात," तो म्हणाला. "नवा मासा सोडायचा तर आधी सगळे दगड हलवायचे. मग कुणाचीच जागा राहत नाही, सगळेच गोंधळतात, नव्याला कोणी मारत नाही. वहिनीला मी सांगितलं होतं. तिने केलं नाही."

"नाही सांगितलंत!" रुपाली ओरडली.

"मध्ये जाळी लावून नवा मासा वेगळा ठेवता येतो ना?" मीनाक्षीने सहज विचारलं.

"येतो. पण आपल्याकडे जाळी नाही. कधीच नव्हती."

"मग प्रश्नच मिटला," मीनाक्षी म्हणाली. "सगळ्यांना इथेच बोलाव, लवू."

सगळे खोलीत जमले.

"दगडांचं कोण खरं बोलतंय ते सिद्ध होणार नाही," मीनाक्षीने सुरुवात केली. "म्हणून मी दगड सोडले आणि काच बघितली. अजित, तो फाडलेला मासा स्वप्नीलने कुठे ठेवला होता?"

"याच टँकमध्ये, बहुतेक. दुसरा टँक नव्हताच."

"त्याच मारकुट्या माशांबरोबर? मध्ये आडोसा असल्याशिवाय तो जगला नसता. तो आडोसा जिथे टेकला होता तिथे शेवाळ धरलं नाही, म्हणून हा पट्टा. जाळी फार पूर्वी काढलेली असती तर पट्टा पुन्हा हिरवा झाला असता. पट्टा कोरा आहे, म्हणजे ती नुकतीच काढलीय. मासा बरा झाला म्हणून काढली असेल, तर तसं सांगायला काय हरकत होती? कधीच नव्हती, असं का सांगितलं? या खोलीत ती लपवायला जागा एकच. लवू, त्या कपाटामागे हात घाल."

लवूने हात घातला. चौकटीची जाळी बाहेर आली. तिच्या कडेचं शेवाळ अजून ओलं होतं.

"म्हणजे नवरा नाही?" तो पुटपुटला.

"नाही. काल निघण्यापूर्वी स्वप्नीलने जाळी लपवली आणि सिलिकॉनचा सांधा ब्लेडने कापला. आपोआप सुटलेला सांधा इतका सरळ सुटत नाही. वहिनी फोन आपल्यालाच करणार हे त्याला ठाऊक होतं. बाकी सगळं त्याने बरोबर सांगितलं, दगड तेवढे गाळले. मासा तिच्या हातून मरायला हवा होता."

स्वप्नीलने एकदा दाराकडे पाहिलं. दारात अजित होता.

"हो, केलं!" तो किंचाळला. "हिने माझं घर वसू दिलं नाही. मग हिचं का टिकावं?"

"आवशीचो मासो मारलंस?" शामराव उठले. "भायर हो माझ्या घरातसून!"

"थांबा, बाबा," रुपाली म्हणाली. तिने मोबाइलवर नंबर लावला आणि फोन स्वप्नीलच्या हातात कोंबला. "प्राचीच्या आई आहेत. काय केलंत ते सांगा त्यांना, तुमच्या तोंडाने. मग खुशाल जा."

पलीकडून हॅलो, हॅलो ऐकू येत होतं. स्वप्नील रडायला लागला. रुपालीने फोन परत घेतला नाही.

शामरावांनी तिच्यापुढे हात जोडले. "पोरी, माझी चूक झाली."

"मला नका सांगू," ती म्हणाली. "पुढचा फोन माझ्या आईला. तो तुम्ही लावायचा. मी इथे उभी आहे."

शामराव चष्मा शोधू लागले.