शनिवारची पुस्तकवाली

माझ्या चष्म्यावर पुस्तकांचं खोकं पडलं आणि सगळं जग एका क्षणात धूसर झालं.

चूक माझीच. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वरच्या फळीवरून प्रार्थनेच्या पुस्तकांचं खोकं खाली ओढायला गेले. एक काच फुटली, दांडीही मोडली. चर्चच्या आवारातलं आमचं पुस्तकांचं लहानसं दुकान बंद केलं आणि भिंतीला हात लावत लावत मागच्या गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानात पोचले. आत एक उंच, निळसर ठिपका उभा होता.

"अहो, हा आजच्या आज दुरुस्त होईल का? मला याच्याशिवाय काहीच दिसत नाही."

ठिपका म्हणाला, "पुन्हा बोला."

"काय?"

"काहीही. एखादं वाक्य."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"त्याच! शनिवारच्या पुस्तकवाल्या!" ठिपका आनंदाने ओरडला.

मी उभ्या जागी गार. माझा आवाज ओळखणारं या गावात कुणी असेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

शनिवारचं प्रकरण बाईंपासून सुरू झालं होतं. बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई. दर आठवड्याला दुकानात यायच्या, नवीन पुस्तकांचा वास घ्यायच्या, निम्मी उभ्या उभ्याच वाचायच्या. त्यांची नजर गेली तेव्हा मी त्यांना दर शनिवारी मोबाइलवर बोलून पाठवू लागले... काय नवीन आलं, पाळकसाहेबांनी कुठलं संतचरित्र मागवलं, कुणाच्या नातीने चित्रांच्या पुस्तकासाठी भोकाड पसरलं, आणि या आठवड्यात काय वाचावं. बाईंनी ओळखीची माणसं गोळा केली, त्यांचा ग्रुप झाला. पण उत्तर फक्त बाईंचं यायचं, "ऐकलं गं, बाळा." बाकी सगळा शुकशुकाट.

तरी मी बोलत राहिले. आई गेल्यापासून घरात मी एकटी आणि दुकानातही जवळपास एकटीच. एखाद्या शनिवारी त्या मोबाइलशी बोललेलं पहिलं वाक्यच दिवसातलं पहिलं वाक्य असायचं. घसा खाकरून मगच आवाज निघायचा.

"मला बाईंनीच ग्रुपात घातलं," ठिपका सांगत होता. "काचा घासताना लावतो तुम्हाला. मागच्या शनिवारी सर्दी होती ना?"

होती. आणि ती कुणाला तरी ऐकू आली होती!

त्याने मला खुर्चीत बसवलं. "शेवटची ओळ वाचा."

"कुठली ओळ?"

"बरं... भिंत तरी दिसते का?"

"थट्टा करता होय?"

तपासणीची जड, गोल चौकट त्याने माझ्या नाकावर ठेवली आणि एकेक काच सरकवत गेला. "आता? ...आणि आता?" धुक्यातून आधी एक शर्ट आला. मग हनुवटी, किंचित वाकडं नाक, आणि हसू दाबून धरलेले दोन डोळे.

"कसं दिसतंय?"

"बरं आहे."

"मी अक्षरांबद्दल विचारतोय."

"मीही अक्षरांबद्दलच सांगतेय," असं म्हणाले खरी, पण कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी चष्मा द्यायला तो स्वतःच दुकानात आला. रॅकांमधून फिरला, कॅलेंडरं चाळली, मेणबत्त्यांचा वास घेतला. "एखादी प्रेमकथा द्या."

"आमच्याकडे तसलं नसतं."

"एवढी पुस्तकं, आणि प्रेम एकातही नाही?"

"आहे. पण देवाचं."

"ते तर वाचूच. त्याच्यासोबत थोडं माणसांचं मिळालं तर बघा."

मी खूप शोधून एका नर्सचं आत्मचरित्र काढून दिलं. आयुष्यभर एका बेटावर रोग्यांची सेवा केलेली बाई. आठवड्याने तो तणतणत परत आला.

"तीनशे पानं वाचली! तापाच्या साथीला चाळीस पानं, आणि नावाड्याशी लग्न एका वाक्यात? 'त्या वर्षी आम्ही विवाह केला.' बस्स?"

"लाजत असेल बिचारी."

"अहो, पण नावाड्याचं काय? त्याला किती बोलायचं असेल!"

"मग बोलायचं त्याने. कुणी धरलं होतं?"

तो काहीतरी बोलणार होता... पण तेवढ्यात पाळकसाहेब आले, आणि ते बोलणं राहिलंच.

मग तो येतच राहिला. कधी नवं पुस्तक न्यायला, कधी नुसताच. "चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय का, बघू."

"कालच बघितलात की."

"स्क्रूचा काही भरवसा नसतो."

चष्मा काढून घेताना त्याची बोटं कानामागे हलकेच लागायची. मी मुद्दाम कपाटाकडे बघायची. तो जास्त बसायचा नाही. त्याच्या दुकानाच्या वरच त्याचं घर होतं आणि तिथे वडील एकटे असायचे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचा एक पाय चालत नव्हता.

अशातच ताईचा फोन आला. मोठ्या शहरातल्या छापखान्यात तिने माझ्यासाठी मुद्रितं तपासायची नोकरी बघितली होती. "ये इकडे. तिथे भिंतींशी बोलत म्हातारी होशील."

मी त्याला सांगितलं. सांगताना त्याच्याकडे बघत होते. तो रॅकमधली सरळच असलेली पुस्तकं पुन्हा सरळ करत होता.

"चांगलंच आहे की," तो म्हणाला. "मोठं शहर आहे. माणसं भेटतील."

"हो ना."

"जपून जा."

एवढंच. मी त्याच दिवशी ताईला होकार कळवला.

शनिवारी नेहमीसारखं बोलले. मुलांच्या गोष्टींचा नवा गठ्ठा आलाय, भजनांच्या पुस्तकाची मोठ्या अक्षरांतली प्रत आलीय, आणि महिन्याअखेरीस मी जातेय. आणि काय सांगू, इतकी वर्षं मुकी असलेली माणसं एकदम बोलू लागली! बेकरीवाल्या काकू, पोस्टातले निवृत्त मास्तर, कुणाची तरी आजारी सासू... "जाऊ नकोस गं", "आम्हाला आता कोण सांगणार?" मी रडत रडत सगळं ऐकलं. फक्त त्याचा निरोप आला नाही. दुकानाच्या पायरीवर त्याचं पाऊलही वाजलं नाही.

आधी मी नुसती एकटी होते. त्याची सवय होती, काही वाटत नसे. आता एका माणसावाचून एकटी होते. हे वेगळंच होतं. दुपारी दाराची घंटा वाजली की मी झटकन वर बघायची, आणि कुणीतरी मेणबत्त्या मागायचं.

निघायच्या दोन दिवस आधी बाईंचा निरोप घ्यायला गेले. त्यांनी माझा हात हातात धरून ठेवला.

"काल चष्मेवाला आला होता. बराच वेळ बसला. हवा-पाण्याच्या गप्पा मारल्या, पण तुझं नाव काही काढलं नाही."

"नसेल काढावंसं वाटलं."

"वेडी आहेस. आमची दोघांची ओळख तुझ्या शनिवारांमुळेच वाढली. तरी तासभर तुझं नाव टाळत होता. केवढे कष्ट पडले असतील त्याला!"

मी तिथून तडक त्याच्या दुकानात गेले. तो कुणाची तरी चौकट हातात धरून नुसताच बसला होता.

"चांगलंच आहे, असं का म्हणालात?"

तो दचकून उठला. "मग काय म्हणायला हवं होतं? वर बाबा आहेत. मी हे गाव सोडू शकत नाही. तुम्हाला इथे थांबा म्हणणं म्हणजे... निव्वळ स्वार्थ झाला असता."

"मग करायचा होता थोडा स्वार्थ!" माझा आवाज चिरकला. "माझं मी ठरवलं असतं. तुम्ही परस्पर ठरवून मोकळे झालात. मी रोज त्या घंटेकडे कान लावून बसले होते... कळतंय का तुम्हाला?"

बाहेरून एक सायकल गेली. वारा दार ढकलत होता. त्याने हातातली चौकट खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"आणि आता म्हटलं तर?"

"म्हणून तर बघा."

त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. आणि मग अगदी हळू आवाजात तो म्हणाला,

"थांब."

थांबा नाही, थांब. इतक्या महिन्यांचं अहो-जाहो एका शब्दात गळून पडलं. डोळे भरून आले आणि समोरचा तो पुन्हा ठिपका झाला.

वरून काठी आपटल्याचा आवाज आला. "कोण आलंय रे?" त्याचे बाबा विचारत होते.

तो गोंधळला. "काय सांगू?"

"तूच सांग," मी म्हणाले. तू म्हणताना माझीही जीभ अडखळली.

तो जिन्यापाशी गेला आणि वर बघून म्हणाला, "बाबा, आपलंच माणूस आहे. वर घेऊन येतोय."

संध्याकाळी ताईला फोन केला. ती आधी भांडली, मग रडली, मग नाक ओढत म्हणाली, "निदान बोलका तरी आहे का गं?"

"नाही गं," मी म्हणाले. "पण एक शब्द फार छान बोलतो."