बक्षीस कुणाकडून?

"नवरी कुठाय?"

दारातून आधी एक भलामोठा साउंडबॉक्स आत आला, त्याच्यामागून हा प्रश्न आला आणि सगळ्यात शेवटी, बाह्या दुमडलेला, घामाघूम झालेला अजिनाथ तोंडे आला. धारूरच्या त्या कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये जेवढी म्हणून पोरं होती, त्या सगळ्यांनी एकदम बोटं दाखवली. शिवकन्याकडं.

आता त्यांचं तरी काय चुकलं? शिवकन्याच्या कपाळाला खरंच मुंडावळ्या होत्या. नऊ वर्षांच्या अंजनाला नाटकातली नवरी काही केल्या लाजता येत नव्हती, ती आपली फिदीफिदी हसायची. म्हणून बाईंनीच मुंडावळ्या बांधून, मान खाली घालून लाजून दाखवायला घेतलं होतं. आणि नेमका तेव्हाच हा बाबा दारात उभा!

"अन् नवरदेव?" बॉक्स खाली टेकवत अजिनाथनं विचारलं.

"त्याला ताप आलाय," अंजना म्हणाली. "आज आलाच न्हाई."

"मग तर लई अडचण झाली." तो शिवकन्याकडं बघत राहिला... जरा जास्तच वेळ. "साखरपुडा पुढं ढकलायचा का, मॅडम?"

"कसला साखरपुडा? शाळा आहे ही! नाच-नाटकाची शाळा!" शिवकन्यानं मुंडावळ्या ओढल्या, तर त्या केसांत अडकल्या. सोडवता सोडवता तिचे कान तापले, गाल तापले.

"आत्ता कळलं, बाई!" अंजना टाळ्या पिटत ओरडली. "ह्याला लाजणं म्हणत्यात व्हय!"

सगळी शेड हसली. अजिनाथचा फोन खणखणायला लागला. खरा साखरपुडा शेजारच्या मंगल कार्यालयात होता आणि तिथले पाहुणे साउंडवाल्याच्या नावानं शंख करत होते. त्यानं बॉक्स पुन्हा खांद्यावर घेतला. दारातून निघताना मात्र एकदा मागं वळून बघितलं. वळायची काही गरज नव्हती, हे शिवकन्याच्याही लक्षात आलं.

शिवकन्या खाडे मूळची युसूफ वडगावची. संभाजीनगरला नाट्यशास्त्र शिकली, कथक शिकली. सगळे म्हणाले, आता पुण्याला जा, मुंबईला जा. ही बया आली धारूरला! शेड भाड्यानं घेतली, बाहेर 'रुणझुण' अशी पाटी लावली आणि पोरांना नाच, नाटक, ढोलकी शिकवायला लागली. पोरं आली भराभरा. फी मात्र तेवढ्या भराभरा आली नाही. निम्म्या पोरांचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यावर जाणारे. पोरं आजीपाशी ठेवलेली. त्या आजीकडं फी मागायला शिवकन्याची जीभ रेटायची नाही. लग्नसराईत नवरींचे मेकअप करून ती शेडचं लाइटबिल भरायची.

आणि आता शेडच हातची चालली होती. मालक मोहनराव, गावातलं वजनदार माणूस, त्यांना तिथं टाइल्सचं शोरूम काढायचं होतं.

"मालक, एकदा पोरांचं गॅदरिंग बघा. मग काय ते ठरवा," तिनं हात जोडले होते.

"बघू की," मोहनराव म्हणाले. "गावाला शाळा पाहिजे असंल, तर दिसंलच तिथं. न्हाईतर पाडव्याचा महिना संपला की जागा मोकळी करा."

म्हणजे सगळी भिस्त एका संध्याकाळवर! पाडवा झाला की ऊसतोडीची माणसं गावी परततात, म्हणून गॅदरिंग तेव्हाच धरलं होतं. शिवकन्याची झोप उडाली होती.

दुसऱ्या दिवशी अजिनाथ पुन्हा हजर. म्हणे, कालच्या गोंधळाची माफी मागायला आलोय. माफी मागून झाली, पण गडी काही हलेना. कोपऱ्यातला शाळेचा स्पीकर खोकत होता, तो उघडून बसला. तिसऱ्या दिवशी वायर बदलायला आला. चौथ्या दिवशी काय करायला आला, ते त्यालाही सांगता येईना.

"तुमच्याकडे लग्नाच्या तारखा नाहीत का हो या आठवड्यात?" शिवकन्यानं विचारलं.

"हायत की. लई हायत."

"मग इथं कावून बसलाय?" बोलताना तिच्या तोंडून घरची भाषा निसटली. तिनं जीभ चावली.

अजिनाथ खुश! "आता कसं गोड बोललात, मॅडम! रोज लोकांची लग्नं वाजवतो मी. इथं आलं की माझ्या कानाला जरा... आराम पडतो."

"पोरांच्या या गोंगाटात?"

"गोंगाटात न्हाई," तो वायर गुंडाळत म्हणाला. "तुमी ताल मोजता ना, त्याच्यात."

शिवकन्याला पुढचा ताल मोजता येईना. पोरं थांबून बघत राहिली.

एका दुपारी अवकाळी आला. वारं सुटलं, पत्र्यावर टपोरे थेंब ताडताड वाजायला लागले आणि कुणाचं कुणाला ऐकू येईना. पत्रा गळत होता बरोबर ढोलकीच्या डोक्यावर. अजिनाथनं पळत जाऊन टेम्पोतली ताडपत्री आणली. एक टोक त्यानं धरलं, दुसरं तिनं. खाली ढोलकी, ढोलकीभोवती चिकटलेली पोरं, आणि वर हे दोघं हात उंचावून उभे. तो काहीतरी बोलला. ती खुणेनं म्हणाली, ऐकू नाही आलं. तो पुन्हा बोलला. पाऊस थांबल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणत होता?"

"काय न्हाई... ताडपत्री नीट धरा म्हणत होतो."

लबाड! ताडपत्री धरा म्हणताना माणूस असा बघत नसतो. त्या रात्री शिवकन्याला पहिल्यांदाच शेडची काळजी सोडून दुसरं काहीतरी सुचत होतं आणि तिला ते आवडत होतं, अगदी मनापासून आवडत होतं.

पण त्याच आठवड्यात दोघांचं कडाक्याचं वाजलं. कारण होतं बक्षीस.

त्या भागात पोर स्टेजवर नाचायला लागलं की बाप, काका, मामा नोट घेऊन स्टेजकडं धावतात. माईकवाला गाणं थांबवतो आणि पुकारतो, "अमक्या-अमक्यांकडून बक्षीस!" मागच्या गॅदरिंगला असं गाणं सारखं थांबत होतं. पोरं हात वर करून खांबासारखी ताटकळलेली. शिवकन्याला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं.

"यंदा एकही नाव पुकारायचं नाही," तिनं बजावलं. "पोरांनी चार महिने मेहनत केलीय. त्यांचा नाच अखंड दिसला पाहिजे."

अजिनाथचा चेहरा उतरला. "मॅडम, असं नका करू. इथं माणूस हातानं न्हाई, नावानं टाळी वाजवतो."

"म्हणजे पोरांपेक्षा यांची नावं मोठी?"

"न्हाई हो! पण पोराच्या नाचात आपलं बी काही हाय, हे त्याला सांगायचं असतं... सगळ्या गावाला."

"माईक तुमचा आहे, कार्यक्रम माझा आहे."

 तो मान हलवून म्हणाला, "बरं. तुमचा शब्द."

गॅदरिंगच्या दिवशी दुपारपासूनच शेडपुढचं मैदान भरायला लागलं. आदल्या दिवशी कारखान्यावरून आलेली माणसं, त्यांचे उन्हानं रापलेले चेहरे, बायकांच्या ठेवणीतल्या साड्या. पहिल्या रांगेत मोहनराव आणि त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई.  विंगेत शिवकन्या एकेका पोराची टिकली नीट करत होती, आणि समोर साउंडच्या मिक्सरपाशी बसलेला अजिनाथ तिला अंगठा दाखवत होता.

पडदा सरकला. अंजना पहिल्या रांगेत. आणि काय नाचली पोरगी! अंजनाचा बाप मुंजाजी गित्ते, सहा महिन्यांनी लेकीला बघणारा, खुर्चीतून उठला आणि नोट हातात धरून पायऱ्यांकडं धावला.

शिवकन्यानं त्याला पायरीवरच अडवलं. "भाऊ, नाव पुकारायचं नाही ठरलंय. बसून बघा ना."

"बाई, माझी लेक हाय ती..."

"हो, पण... नंतर."

मुंजाजीनं नोट खिशात घातली. मान खाली घालून तो परत गेला तो थेट शेवटच्या रांगेच्या मागं. त्याच्यानंतर आणखी दोघं आले, तेही परत गेले. मैदानात कुजबुज पसरली. "आपल्याला किंमतच न्हाई इथं." दुसरं गाणं संपलं तेव्हा टाळ्या तुरळक पडल्या. मागच्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. मोहनरावांनी घड्याळ बघितलं आणि शेजारच्याला म्हणाले, "गावाला काय गोडी दिसत न्हाई बुवा."

विंगेतून शिवकन्याला ते स्वच्छ ऐकू आलं.  तिनं मागं उभ्या असलेल्या मुंजाजीकडं बघितलं. तो लेकीकडं बघतच नव्हता, जमिनीकडं बघत होता. आणि तिला आपली चूक लख्ख दिसली. पोरांच्या नाचात त्यांच्या माणसांना जागाच ठेवली नव्हती तिनं!

ती साडी सावरत थेट मिक्सरपाशी पळाली. "नावं घ्या! अजिनाथ, नावं घ्या सगळ्यांची!"

अजिनाथ बघतच राहिला. आजवर ती त्याला 'अहो साउंडवाले' म्हणायची. "नाच थांबंल, मॅडम..."

"थांबवायचा नाही! ढोलकीवर घ्या. मी समेला हात वर करते, तुम्ही नाव टाका. पोरं पाय आपटतील. जमेल?"

"तुमी मोजणार असाल तर काय बी जमंल!"

तिसरं गाणं फुगडीचं होतं. शिवकन्या स्टेजच्या कडेला उभी राहिली, बोटांवर ताल मोजत. हात वर गेला—

"मुंजाजी गित्ते! अंजनाचे वडील! त्यांच्याकडून बक्षीस!"

धाड! सगळ्या पोरांनी एका दणक्यात पाय आपटले. घुंगरं खळखळली. एवढ्या मोठ्या मैदानात अशी शिट्टी पडली म्हणता! मुंजाजी मागून धावत आला, रडत आणि हसत. अंजना गिरकी घेता घेता ओरडली, "माझे पप्पा हायत ते!"

मग काय विचारता! लोकांची नुसती झुंबड. जो तो अजिनाथच्या कानाशी लागतोय, शिवकन्याचा हात वर जातोय, नाव गाण्यात बसतंय, पोरं पाय आपटतायत. गेलेले लोक परत फिरले. ज्यांच्या खिशात नोट नव्हती, ते दुसरं काही देत होते. "सारजाबाई! पुढच्या सालापासून दोन्ही नाती शाळेत!" धाड! "चहावाले भगवानराव! पोरांना रोजचं दूध!" धाड! नाच थांबला तर नाहीच, उलट असा रंगला की पोरांना स्टेजवरून उतरवणं मुश्कील झालं.

इकडं पहिल्या रांगेत मोहनराव खुर्चीत चुळबुळायला लागले. सगळ्या गावाचं नाव झालं, चहावाल्याचंसुद्धा झालं, आणि मोहनरावांचं मात्र नावच नाही!

"अहो," चंद्रभागाबाईंनी कोपरानं ढोसलं, "आपलं नाव न्हाई का घ्यायचं? लोक काय म्हणतील?"

मोहनराव उठले. धोतराचा सोगा सावरत मिक्सरपाशी आले आणि अजिनाथच्या कानात काहीतरी बोलले. अजिनाथनं माईक तोंडाशी धरला. "मोहनरावांकडून... शाळेला जागा!" मैदान थरारलं. पण हा पठ्ठ्या इथं थांबतो होय? माईक चालू ठेवूनच त्यानं विचारलं, "किती सालांसाठी म्हणलात, मालक? गर्दीत ऐकू न्हाई आलं."

मोहनरावांनी त्याच्याकडं रागानं बघितलं. मग समोरच्या मैदानाकडं बघितलं. सगळं गाव श्वास रोखून थांबलेलं, बायका, पोरं, म्हातारी माणसं.

"लिहून घ्या म्हणावं," ते माईकमध्ये म्हणाले आणि त्यांचाही ऊर भरून आला असावा, कारण आवाज जरा घोगरा झाला. "जोवर बाई शिकवत्यात, तोवर!"

पोरांनी पाय आपटायलासुद्धा तालाची वाट बघितली नाही. धाड, धाड, धाड! शिवकन्या स्टेजवरच मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडली. अंजनानं तिच्या गळ्यात हात टाकले. राहिली! शाळा राहिली! आता ती कुणी हलवू शकत नव्हतं, कारण मोहनराव आख्ख्या गावासमोर बोलले होते.

तिनं डोळे पुसले. समोर मिक्सरपाशी अजिनाथ नुसता हसत उभा होता, आवाज बसलेला, शर्ट घामानं चिंब. पोरांची शाळा वाचवून हा माणूस आता वायरी गुंडाळून निघून जाणार... उद्या दुसऱ्या कुणाच्या लग्नात...

शिवकन्या उठली. पायऱ्या उतरली. गर्दीतून वाट काढत, इतर लोक येत होते तशीच, ती त्याच्या कानाशी गेली.

"माझं पण घ्या," ती हळूच म्हणाली.  "उद्या तुमच्या आईला घेऊन वडगावला या. माझ्या घरी. मी बाबांना सांगून ठेवते... तुमी येणार हायत म्हणून."

अजिनाथ तिच्याकडं बघतच राहिला. त्याच्या हातात माईक होता. संध्याकाळभर ज्यानं आख्ख्या गावाची नावं घेतली, त्याच्या तोंडून आता शब्द फुटेना. ओठ हलायचे, आवाज नाही.

"पुकारा की!" मुंजाजी ओरडला. "बाईंकडून काय बक्षीस?"

"पुकारा! पुकारा!" सगळं मैदान ओरडायला लागलं.

अजिनाथनं माईक वर उचलला. घसा खाकरला. शिवकन्यानं पदराचं टोक घट्ट मुठीत धरलं.

"शिवकन्या मॅडमकडून..." तो थांबला. त्याचे डोळे भरून आले होते आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "न्हाई सांगणार! सगळ्यांचं सांगितलं. हे एक मात्र माझं एकट्याचं हाय."

आणि त्यानं माईक बंद केला.