मागे कोण?

दुपारचा चहा झाल्यावर शामकांत साळवे बंगल्याच्या ओट्यावर बसले आणि बॅटरीचे सेल बदलू लागले. सेल काल नगरहून निघतानाच बदललेले होते. पण खात्री करून घेतलेली बरी. नवे सेल घालूनही ती बॅटरी मधेच मान टाकायची आणि तळहातावर दोन थापा मारल्या की पुन्हा डोळे उघडायची. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई म्हणायच्या, "अहो, ही अगदी तुमच्यावर गेलीये. सारखा धीर द्यावा लागतो."

अकोले गावाच्या पुढे, भंडारदऱ्याच्या डोंगरात, त्यांच्या चर्चच्या मंडळीचा हा जुना बंगला. दर भाद्रपदात मंडळी इथे रिट्रीटला यायची. बायबलवाचन, पेटीवर भजनं, बंगला सांभाळणाऱ्या बनुबाईच्या हातची नागलीची भाकरी, आणि शेवटच्या संध्याकाळी वरच्या माथ्यावर प्रार्थना. माथ्यावर सोनकी अशी फुललेली असायची, की परततानाही चपलांना पिवळा रंग लागलेला असे.

या वर्षी शामकांतांना यायचंच नव्हतं. प्रेमलाबाई प्रभूमध्ये निजल्या त्याला दीड वर्ष झालं होतं. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला होता, "सर, त्या फक्त पुढे गेल्यात." शामकांतांनी जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेलं. त्यांना विचारावंसं वाटे, पुढे म्हणजे नेमकं कुठे? पण मंडळीतल्या वडीलधाऱ्या माणसानं असं विचारायचं नसतं. ते मान डोलवत. रात्री प्रार्थनेला हात जोडले की शब्द फुटत नसत. ती कुठेतरी आहे की नाही, एवढं एकच त्यांना कळायला हवं होतं. आणि उद्या सकाळी समारोपाची प्रार्थना त्यांनीच करायची होती.

"सर, वाट तुम्हालाच ठाऊक आहे. पुढे तुम्ही राहा," पास्टर रविराज म्हणाले. पास्टर तरुण होते, याच वर्षी मंडळीत आलेले.

"राहतो. पण मागे कोण?"

"मागे म्हणजे?"

शामकांतांनी समजावलं. माथ्यावरून उतरताना धुकं येतं. पायवाट अरुंद, एका बाजूला दरी. म्हणून मंडळीची जुनी पद्धत होती. पुढच्यानं हाक द्यायची, "मागे कोण?" रांगेतल्या शेवटच्यानं उत्तर द्यायचं, "मी आहे, चला." उत्तर आलं म्हणजे मधले सगळे सुखरूप. आलं नाही तर रांग जागच्या जागी थांबवायची. पुढच्यानं वळून बघायचं नाही, कारण तो वळला की उजेड वाटेवरून हलतो. आणि शेवटच्यानं खाली आल्यावर बंगल्याचं फाटक लावायचं.

"मी राहते मागे," दिपाली म्हणाली. शाळेत बाई होती, आवाज खणखणीत. "चाळीस पोरांच्या वर्गावर ओरडते, तुम्ही तर सगळी शहाणी माणसं."

"ते अजून ठरायचंय," पास्टर म्हणाले आणि सगळे हसले.

शामकांतही हसले. इतकी वर्षं पुढे ते आणि मागे प्रेमलाबाई असायच्या. "तुम्ही चालताना काहीतरी सांडत जाता," त्या म्हणायच्या. "मागे राहिले तर उचलता येतं." थंडी सोसत नसे म्हणून शालीला निलगिरीचं तेल लावून यायच्या. उतारावर हाक दिली की धुक्यातून त्यांचा खालच्या पट्टीतला, जरा घोगरा आवाज यायचा, "मी आहे, चला." त्यातलं 'चला' त्या किंचित लांबवायच्या, कडेवरच्या मुलाला निजवताना लांबवतात तसं.

माथ्यावर प्रार्थना झाली. भजनं झाली. शामकांत ओठ हलवत उभे राहिले. आत काहीच हललं नाही. दिवस मावळायला आणि खालच्या भातखाचरांतून धुकं वर यायला एकच गाठ पडली. बघता बघता समोरचं झुडूपही दिसेना.

"निघू या," ते म्हणाले, आणि घसा खाकरला. बोलण्याआधी घसा खाकरायची त्यांची सवय वर्गातलीच.

पहिल्या वळणावर त्यांनी हाक दिली, "मागे कोण?"

"मी आहे, चला." दिपालीचा स्वच्छ आवाज.

ओढ्यापाशी पाण्याचा आवाज मोठा होता. दगडावरून सगळे उतरल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. बॅटरी मंदावली. त्यांनी तळहातावर थापा मारल्या. मग मागून, खूप मागून, उत्तर आलं.

"मी आहे... चला."

शामकांतांचा पाय जागीच थिजला. 'चला' लांबलं होतं. ओल्या गवताच्या, चिखलाच्या वासात निलगिरीचा वास मिसळला होता.

दमट हवेत आवाज जड होतो, त्यांनी स्वतःला बजावलं. कुणीतरी सर्दीचं मलम लावलं असेल. मग हाक द्यायची काही गरज नसताना त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तोच आवाज. मग ते विचारतच राहिले, वळणावर, सपाटीवर, कुठेही. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पाय मात्र तरण्या माणसासारखे पडत होते. एकदाही वळून बघितलं नाही. पद्धत मोडली असती. आणि बघितलं नाही तोवर ती होती.

बंगल्याचा दिवा दिसला. ओट्यावर गलका झाला, चहाचा वास आला. दिपाली शेवटी आत आली. तिचा चेहरा उतरला होता.

"सर, एक विचारू?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही सारखं का विचारत होता?"

"तू उत्तर देत होतीस म्हणून."

"ओढ्यापासून मी उत्तर दिलं नाही, सर. मी तोंड उघडायच्या आत माझ्या मागून कुणीतरी देत होतं. मला वाटलं, आपल्यातल्याच कुणी मावशी मागे राहिल्या." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "म्हणून फाटकही नाही लावलं. त्या यायच्या होत्या ना..."

पास्टरांनी माणसं मोजली. सगळी होती.

शामकांत बॅटरी घेऊन एकटेच फाटकाकडे गेले. धुकं फाटकापर्यंत येऊन थांबलं होतं. कडीवर हात ठेवून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "मागे कोण?"

ओढ्याचा आवाज तेवढा आला. मग ते कडी ओढणार, एवढ्यात वर, माथ्याच्या वाटेवर, तोच घोगरा आवाज उठला. पण या वेळी तो उत्तर देत नव्हता.

"मागे कोण?"

जन्मात प्रेमलाबाईंनी ही हाक कधी दिली नव्हती. त्या नेहमी मागेच असायच्या.

उत्तर द्यावं की देऊ नये, शामकांत ठरवू लागले. सगळं आयुष्य ते असेच ठरवत बसले होते. त्यांचं ठरायच्या आधीच फाटकाच्या पलीकडे, अगदी हाताच्या अंतरावर, कुणीतरी वर्गात खाकरावा तसा घसा खाकरला.

"मी आहे," तो म्हातारा आवाज म्हणाला. "चला."

पावलं वर निघाली. धुक्यात एक पिवळट उजेड डोलत गेला, वळणावर मंदावला. दोन थापांचा आवाज आला, तसा पुन्हा उजळला आणि दिसेनासा झाला.

शामकांतांनी आपल्या हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता.

"सर," ओट्यावरून बनुबाईनं हाक मारली, "समदी आत आली न्हवं? फाटक लावू का?"

शामकांतांनी बोलायला तोंड उघडलं. पण काय सांगावं, ते त्यांना ठरवता येईना.