पाठमोरी एकतीस माणसं

चर्चची परीक्षा घ्यायचं हे काम मला धाकट्या नणंदेने मिळवून दिलं. ओळख न देता भाविकासारखं जाऊन बसायचं. दारात कुणी हसून या म्हणालं का, बाकांवर धूळ आहे का, माणसं किती, हे तक्त्यात भरायचं. दुकानांची करतात तशीच तपासणी.

"आता देवाला गुण देणार का?" ह्यांनी चेष्टा केली.

"देवाला कसले? त्याच्या दुकानाला," मी म्हटलं.

त्या दुपारचं चर्च लहानसं होतं. तीसपेक्षा कमी माणसं भरली तर चर्च चालवणारी संस्था त्याला टाळं लावणार होती. दार एकच. त्याला लागून शेवटच्या बाकावर मी हिरवी शाल लपेटून, कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसले. आत ओल्या लोकरीचा आणि विझलेल्या मेणाचा वास. शिकवल्याप्रमाणे मागूनच डोकी मोजली. एकतीस. जीव भांड्यात पडला. गाणं सुरू झालं, तेव्हा आवाज मात्र चारच आले. थकलेले, म्हातारे.

प्रार्थनेला डोळे मिटले. उघडले, तर चार म्हाताऱ्या आपापल्या छत्र्या गोळा करत होत्या. बाकी बाक रिकामे. माझ्या जवळून तर कुणीच गेलं नव्हतं...

पाद्रीबाबा जवळ आले. "चौघी आल्या आज. तुम्ही पाचव्या," हळूच म्हणाले. "पुढच्या महिन्यात बहुतेक..."

खोटं बोलायचं नाही, लिहायचं नाही, हे माझं लग्नापासूनचं व्रत. डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. एकतीस. चर्च वाचलं. देवानेच दाखवलं असेल, असं मनाला सांगितलं.

सहा महिन्यांनी नणंदेचा फोन आला. "वहिनी, काल त्या चर्चमध्ये गेली होतीस का?"

"नाही गं. दिवसभर घरीच होते."

"तपासणीला गेलेल्या नव्या बाईने बत्तीस मोजलेत. शेवटच्या बाकावर तुझ्यासारखीच कुणी होती म्हणे. हिरवी शाल, मांडीवर कापडी पिशवी. शेजारी बसू देईना. जागेवर हात ठेवून म्हणाली, इथे आमचे हे येतायत..."

मी फोन ठेवला. दुपारी कधी खुर्ची न सोडणारे हे दाराशी वाकून बुटांच्या नाड्या बांधत होते.

"कुठे निघालात?"

"कुठे म्हणजे?" मान वर न करता ते म्हणाले. "आत्ताच म्हणालीस ना, मी पुढे होते, तुम्ही या."