लाल चौकोन

“हा नका घेऊ.”

काउंटरपलीकडून हे ऐकू आलं, तेव्हा माझ्या हातात दुकानातला सगळ्यात मोठा, सगळ्यात रुबाबदार कॅमेरा होता. मी वैतागून वर बघितलं. विकणाराच नको म्हणतोय?

“का? मला झेपणार नाही?”

“झेपेल हो. पण दोन महिन्यांत कपाटात जाईल. मान दुखते, मग लोक घरीच ठेवून निघतात.” त्याने एक छोटा कॅमेरा पुढे सरकवला. “हा धरून बघा. बोटं आपोआप बटणांवर जातायत? मग हाच तुमचा.”

“आणि मेगापिक्सेल?”

“फोटो भिंतीएवढे छापणार आहात का?”

“नाही. झबली विकणार आहे.”

तो हसला, आणि त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात बारीक चुण्या पडल्या… मी शिवणकाम करणारी, चुण्या माझ्या लगेच नजरेत भरतात. झालं! तिथेच माझी विकेट पडली.

ताई आणि मी घरी लहान मुलांचे कपडे शिवतो. दोन वर्षांपूर्वी ताई नवऱ्याचं घर कायमचं सोडून आली. तेव्हापासून ती मशीनवर बसते आणि कामापुरतं बोलते. मोबाइलवर काढलेल्या फोटोंत आमचा गुलाबी फ्रॉक विटकरी दिसायचा, म्हणून हा कॅमेरा. आठवड्यातून दोनदा मी शंका घेऊन दुकानात जायला लागले. त्यातल्या निम्म्याच शंका खऱ्या असायच्या. मी त्याला मास्तर म्हणायचे, मुद्दाम अहो-जाहो करून. तो मात्र तिसऱ्याच भेटीत ‘तू’वर आला होता.

“आता काय बिघडलं?”

“मास्तर, फोटो हलतात.”

“फोटो हलत नाहीत, तू हलतेस. कोपर अंगाशी धर. श्वास रोख. बटण आधी अर्धंच दाब.”

“श्वास कधीचा रोखलाय…”

“मग सोड, बाई! दुकानात पडलीस तर मालक माझ्या नावाने ओरडेल.”

एकदा मी तक्रार केली, की फ्रॉक सोडून मागची खुर्चीच स्पष्ट येते. त्याने पडद्यावरचा एक लहानसा चौकोन बोटाने सरकवून दाखवला.

“कॅमेऱ्याला ठरवू दिलंस तर तो दिसेल त्याला धरतो. त्याला काय कळतंय! हा चौकोन तू ठेवायचा. ज्याच्यासाठी फोटो काढतेस, त्याच्यावर. आणि अॅपर्चरचा हा आकडा लहान ठेवलास, की बाकीचं सगळं धूसर होतं.”

“बाकीच्यांना वाईट नाही वाटत?”

“त्यांना कळतच नाही,” तो हसत म्हणाला.

मग त्याने स्वतःची लेन्स मला वापरायला दिली. स्वतःची! आणि दर सोमवारी, दुकानाच्या सुट्टीला, तो आमच्याकडे यायला लागला. खिडकीपाशी पांढरी चादर बांधायची, कपडे टांगायचे, फोटो काढायचे. ताई मागे इस्त्री करत असायची. तिच्याशी तो जपून, ‘तुम्ही’ करून बोलायचा. मला वाटायचं, माझ्याशी सलगी आणि ताईचा मान… किती छान वळणाचा मुलगा!

कधीकधी तो माझ्याच कॅमेऱ्याने माझेही फोटो काढायचा. “जरा उभी राहा, उजेड बघू दे.” मी उभी राहायचे, मान तिरकी करून, पोट आत घेऊन. त्या फोटोंत मी किंचित धूसर यायचे आणि ते मला भारी आवडायचं. काय स्वप्नाळू फोटो काढतो हा, असं म्हणत मी ते दहा-दहा वेळा बघायचे. येत्या सोमवारी त्याला मनातलं सांगायचं, हे मी पक्कं केलं होतं.

त्याच्यावर छाप पाडायला मी कॅमेऱ्याची माहितीपुस्तिकाही वाचून काढली. अठ्ठेचाळिसाव्या पानावर सापडलं, की मेनूमधला एक पर्याय सुरू केला तर काढलेल्या फोटोवरही लाल चौकोन दिसतो, फोटो काढताना जिथे ठेवला होता तिथेच. मी तो सुरू केला. माझ्या फोटोंत चौकोन झबल्यांवर होता. बऱ्याच ठिकाणी मास्तरवर होता. मला एकटीलाच हसू आलं.

मग त्याने काढलेले फोटो आले. अकरा होते.

अकराही फोटोंत मी पुढे होते आणि चौकोन मागे, ताईवर होता. इस्त्री धरलेली ताई. कपाळावरची बट सारणारी ताई. तिचा एकेक केस मोजता येत होता. शेवटच्या फोटोत ती हसत होती. दोन वर्षांत मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. आणि मला आनंद झाला नाही. मला तिचा राग आला, माझ्या सख्ख्या बहिणीचा, आणि मग त्या रागाची इतकी लाज वाटली, की मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

सोमवारी तो आला. मी म्हटलं, “आज तुमचा फोटो, मास्तर. ताई, तू तो पिवळा फ्रॉक धर. मास्तर, तुम्ही तिच्या दोन पावलं पुढे या.”

आकडा सगळ्यात लहान केला. चौकोन त्याच्या डोळ्यांवर ठेवला. फोटो काढला आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला.

तो बघत राहिला.

“तुझ्या ताई धूसर आल्यात,” तो म्हणाला.

“हो.”

“चुकून?”

“तुमचीच विद्यार्थिनी आहे. चुकून कसं होईल?”

त्याने बटण दाबून मागचे फोटो बघितले. एक… दोन… पाच. प्रत्येकावर लाल चौकोन होता. त्याचे कान लाल झाले.

“हे तू कधी…”

“पान अठ्ठेचाळीस.”

“काय झालं गं?” ताईने मागून विचारलं. “बिघडला का फोटो?”

तो माफ कर म्हणेल, निदान माझ्याकडे बघेल, असं मला वाटलं. त्याने कॅमेरा परत दिला, तोही खाली बघत.

“आकडा वाढव,” तो हळूच म्हणाला. “आठवर ने. दोघंही स्पष्ट येतील.”

एवढंच त्याचं उत्तर.

तो मागे जाऊन ताईशेजारी उभा राहिला. मी आकडा आठवर नेला. चौकोन ताईवर ठेवला. तो तिला काहीतरी म्हणाला आणि ती हसली, तशीच.

“कोपर अंगाशी,” सवयीने तो मला म्हणाला.

मी कोपर घट्ट धरलं, श्वास रोखला आणि बटण दाबलं. फोटो अजिबात हलला नाही.